लांब रेघ कुठे गावेल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी विचारलं होतं की कॉम्प्युटरवर मराठी लिहिताना कुठलं चिन्ह तुम्हाला सापडत नाही ते कळवा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील, तर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी आली की निम्मी पुढच्या अंकाला ठेवावी लागली. खरंच बरं वाटलं, कारण मी मालवणात गेली वीस वर्षं डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, सगळं येतं, आणि ऱ्हस्व-दीर्घापेक्षा जास्त वेळ माझा ह्या बारक्या चिन्हांवर जातो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे परत परत लिहायला नको. खाली जे कोड दिलेत ते इथे मराठी आकड्यांत छापलेत, पण टाइप करताना इंग्रजी आकडेच टाकायचे, त्यासाठी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा आणि कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा. कोडात सी, डी, बी असं अक्षर असेल तर तेही इंग्रजीच. वर्डमध्ये कोड टाकला की त्याला चिकटून, मधे स्पेस न देता, ऑल्ट धरून एक्स दाबायचं, कोड गायब होतो आणि चिन्ह येतं. ह्याला मी पुढे नुसतं ऑल्ट-एक्स म्हणणार आहे.

प्रश्न: ताई, शाळेतून रिटायर झालो आणि आता आठवणी कॉम्प्युटरवर लिहून काढतोय. वहीत लिहिताना मी वाक्याच्या मधे लांब रेघ मारतो, ती कीबोर्डवर नाहीच. छोटी रेघ दोनदा मारली तर मधे फट राहते. मुलगा म्हणतो छोटीच चालवा बाबा, कोण बघतंय. (निवृत्त शिक्षक, दापोली)

उत्तर: गुरुजी, छोटी चालवू नका. छोटी रेघ म्हणजे संयोगचिन्ह, ती दोन शब्दांना जोडते, येणं-जाणं, मासळी-भात, सासू-सून. लांब रेघ म्हणजे अपसारणचिन्ह, तिचं काम बरोबर उलटं, ती वाक्याला मधेच थांबवते, जरा बाजूला नेते, आता काहीतरी वेगळं येतंय अशी सूचना देते. 'तर सुटली — आणि तेवढ्यात पाऊस आला' हे वाचताना तुम्ही रेघेपाशी श्वास घेता. तिथे छोटी रेघ, तीही शब्दांना चिकटलेली असली की 'सुटली-आणि' असा एक जोडशब्द दिसतो आणि वाचणारा अडखळून मागे जातो. म्हणजे कोण बघतंय ह्याचं उत्तर, जो मोठ्याने वाचतो तो प्रत्येकजण बघतोय, आणि आठवणी तर घरात मोठ्यानेच वाचल्या जातात.

ती कीबोर्डवर का नाही ते पण सांगते. टाइपरायटरवर जागा थोडी, बटणं मोजकी, त्यामुळे एकाच छोट्या रेघेवर भागवायचे, लांब हवी असली की तीच दोनदा मारायचे. अवतरणचिन्हांचंही तसंच, उघडायचं आणि मिटायचं अशी दोन वेगळी चिन्हं ठेवण्याऐवजी एकच सरळ उभं चिन्ह ठेवलं. पुढे १९६३ साली अमेरिकेत कॉम्प्युटरसाठी आस्की नावाचा कोड ठरला, आज त्यात स्पेस धरून दिसणारी चिन्हं फक्त ९५ आहेत, त्यातही छोटीच रेघ. आपल्या समोरचा कीबोर्ड अजून त्याच ९५ चिन्हांचा आहे. लांब रेघ कॉम्प्युटरच्या आत आहे, व्यवस्थित आहे, फक्त तिला स्वतःचं बटण नाही.

आता ती काढायची कशी. तुमच्या कीबोर्डला उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा चौकोन असेल तर नमलॉक चालू करा, ऑल्ट धरून ठेवा, त्या चौकोनावर ०१५१ दाबा आणि ऑल्ट सोडा. सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही, ते गाळलं तर भलतंच परदेशी अक्षर उमटतं आणि लोकांना वाटतं की हे चालतच नाही. वरच्या ओळीतले आकडे इथे उपयोगाचे नाहीत, चौकोनातलेच लागतात. लॅपटॉपला बहुतेक वेळा तो चौकोनच नसतो, मग वर्डमध्ये २०१४ टाकून ऑल्ट-एक्स. माझ्या मते हा सगळ्यात सोपा रस्ता आहे कारण तो बोटांना एकदाच शिकवायला लागतो, पुढे सगळ्याच चिन्हांना तोच. वर्ड सोडून दुसरीकडे, म्हणजे मेल लिहिताना वगैरे, विंडोजचं बटण धरून पूर्णविराम दाबा, जी इमोजीची खिडकी उघडते तिच्यातच चिन्हांचा वेगळा कप्पा आहे, विंडोज दहाच्या २०१९ च्या अपडेटपासून आहे, पण बऱ्याच जणांनी तो कधी उघडूनच बघितलेला नाही. मॅक असेल तर इंग्रजी कीबोर्डवर ऑप्शन आणि शिफ्ट धरून छोटी रेघ, झालं. मोबाइलच्या कीबोर्डवर छोटी रेघ दाबून धरली की बाजूला मधली आणि लांब अशा दोन्ही येतात.

हो, मधली पण एक आहे. ती छोटीपेक्षा मोठी आणि लांबपेक्षा लहान, ०१५० ला येते, ऑल्ट-एक्सला २०१३. १९६५ – १९९८ असा काळ दाखवायचा असतो किंवा पानं १२ – १८ असं लिहायचं असतं तेव्हा ती लागते. तुमच्या आठवणींत सालं बरीच असणार, तिथे ही वापरा.

आणि रोज दहा-दहा पानं लिहिणार असाल तर वर्डला एकदाच सांगून ठेवा. फाइलमध्ये ऑप्शन्स, तिथे प्रूफिंग, तिथे ऑटोकरेक्ट, आणि तिथे असं काहीतरी ठरवा की दोन टिंबं आणि एक छोटी रेघ टाकली की त्याची लांब रेघ व्हावी. कुठल्याही मराठी शब्दात असा तुकडा येत नाही म्हणून घोळ होत नाही, आणि कीबोर्ड मराठीवर असला तरी टिंब आणि छोटी रेघ मिळते, भाषा बदलायला लागत नाही. फक्त एक करू नका, रिकाम्या ओळीवर तीन छोट्या रेघा मारून एंटर दाबू नका, वर्ड पानभर आडवी रेषा मारतो आणि मग ती पुसता पुसत नाही. मारली गेलीच तर लगेच कंट्रोल धरून झेड.

प्रश्न: आमच्या वाडीतल्या मंडळाची आरत्यांची पुस्तिका करतोय, चतुर्थीच्या आधी हवी आहे. कडव्याच्या शेवटी दोन उभ्या रेघा आम्ही एंटरच्या वरच्या बटणावरून मारल्या, पण छापून आल्यावर त्या ओळीच्या खाली लोंबतात, वाईट दिसतात. (मंडळाचे चिटणीस, कणकवली तालुका)

उत्तर: त्या लोंबणारच, कारण तो दंड नाहीच. बटणावरची उभी रेघ ही प्रोग्रामवाल्यांची आहे, तिला पाइप म्हणतात, तिची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने ठरलेली असते. आपला दंड शिरोरेघेपासून सुरू होतो आणि अक्षराच्या तळाशी थांबतो, म्हणून तो अक्षरांच्या रांगेत बसलेला दिसतो. एकेरी दंडाचा कोड ०९६४ आणि दुहेरीचा ०९६५, ऑल्ट-एक्सने दोन्ही येतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवून दिलेल्या मांडणीचा कीबोर्ड, येत असेल तर शिफ्ट धरून पूर्णविरामाचं बटण, एकेरी दंड आला. दुहेरी हवा असेल तर एकेरी दोनदा मारू नका, दुहेरी हे स्वतंत्र चिन्ह आहे, दोन एकेरी मारले तर त्यांच्यातलं अंतर कधी जास्त कधी कमी पडतं, आणि ओळ नेमकी तिथे संपली तर एक वर राहील, एक खाली जाईल. तसंच ॥ १ ॥ मधल्या स्पेस कंट्रोल आणि शिफ्ट धरून मारा, म्हणजे आकडा आणि दंड एकमेकांना सोडून पुढच्या ओळीवर जाणार नाहीत. सगळी पुस्तिका आधीच टाइप झालेली असेल तर परत करायला नको, फाइंड-रिप्लेसमध्ये आधी दोन पाइपच्या जागी दुहेरी दंड घाला आणि मग उरलेल्या एकेका पाइपच्या जागी एकेरी. क्रम उलटा केलात तर सगळे एकेरीच होतील.

ह्या दंडाबद्दल मला आतून वाटतं म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. आपल्या पोथ्यांमध्ये विरामाचं चिन्ह म्हणजे दंडच. मोडीत तर आधी आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि तिच्याखाली शब्दसुद्धा न तोडता लिहीत जायचे, वाचणाऱ्याने आपलं समजून थांबायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीला देतात, तोच जो मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात होता. त्याच सुमाराला आपल्या देवगडच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढत होते, एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. म्हणजे बाकीची चिन्हं छापखान्याबरोबर आली, दंड मात्र हाताने लिहिणाऱ्यांपासून चालत आलाय. आरतीच्या पुस्तिकेत तरी तो खरा असावा.

प्रश्न: दुःख, अंतःकरण, स्वतः हे शब्द मी टाइप करून पीडीएफमध्ये शोधते तर कधी सापडतात कधी नाही. शब्द तर डोळ्यांना दिसतोय! (कॉलेजची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर: कारण ज्याने ते टाइप केलं त्याने विसर्ग न देता कोलन दिलाय. दोन टिंबं दोघांनाही आहेत, पण कोलन हे वेगळं चिन्ह आणि विसर्ग हे आपल्या वर्णमालेतलं, त्याचा कोड ०९०३. कॉम्प्युटर डोळ्यांनी वाचत नाही, कोड जुळवतो, म्हणून 'दु:ख' शोधलं तर 'दुःख' मिळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून नीट बघ, टिंबांची उंची आणि अंतर जरा वेगळं दिसेल. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट धरून छोट्या रेघेच्या बटणावर आहे. उलटी चूकही सारखी दिसते, 'सूचनाः' आणि 'वेळः' असं विसर्गाने लिहितात, आमंत्रणपत्रिकांमध्ये तर हमखास, तिथे कोलनच पाहिजे. तुझ्या प्रोजेक्टसाठी तूर्तास दोन्ही पद्धतीने शोध.

प्रश्न: मासेमारी सोसायटीचं काम बघतो. बोटवाल्यांना जागेचे अंश-मिनिटं लिहून द्यायचे असतात. अंशाचं टिंब मिळत नाही म्हणून मुलं पॉइंट देऊन लिहितात. चालेल का? (सोसायटीचे कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर: अजिबात नाही दादा, हे आजच थांबवा. तुमच्याच गावाचं उदाहरण घ्या. रत्नागिरी साधारण १६°५९′ उत्तर, ७३°१८′ पूर्व अशी आहे. एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नाही. कोणी १६°५९′ ऐवजी १६.५९ लिहिलं आणि पुढच्याने ते जीपीएसमध्ये पॉइंटवालं म्हणून भरलं, तर मशीन त्याचा अर्थ १६ अंश ३५ मिनिटं असा घेतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, म्हणजे तुम्ही साडेतेवीस सागरी मैल, चाळीस किलोमीटरहून जास्त, दक्षिणेला गेलात. रत्नागिरी म्हणून निघालेला माणूस जैतापूर-विजयदुर्गच्या पट्ट्यात पोचेल. एका बारक्या गोलाची आणि एका तिरक्या रेघेची ही किंमत आहे.

अंशाचं चिन्ह ऑल्ट धरून ०१७६, नाहीतर ००बी० टाकून ऑल्ट-एक्स. मिनिटाची तिरकी रेघ २०३२ आणि सेकंदाच्या दोन रेघा २०३३. इथेही अवतरणचिन्ह वापरू नका, वर्ड त्याला आपोआप वाकवतो आणि मग ते मिनिट आहे की कोणाचं बोलणं मिटलंय ते कळत नाही. आणि जर तुमचं मशीन पॉइंटमध्येच मागत असेल तर मिनिटांना ६० ने भागून लिहा, १६°५९′ म्हणजे १६.९८. कागदावर वरती मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा की आकडे कुठल्या पद्धतीचे आहेत. चिन्ह मिळत नसेल तर शब्दांत लिहा, १६ अंश ५९ मिनिटं, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: मी 'दर्याच्या काठावर' असं लिहिलं, ते बरोबर आलं. पण 'डोंगरदर्या' लिहिलं तर मैत्रीण हसली. मला ते वळणाचं र काढताच येत नाही. (गृहिणी, श्रीवर्धन)

उत्तर: मैत्रिणीवर रागावू नका, पण तुमचा प्रश्न मला ह्या सगळ्या पत्रांत जास्त आवडला, कारण दर्या आणि दऱ्या ह्या दोन शब्दांत आपलं सगळं कोकण येतं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि दोघांत फरक फक्त र च्या एका वळणाचा. दर्या म्हणताना 'र्या' च्या आधीच्या 'द' वर जोर पडतो, दऱ्या म्हणताना पडत नाही, म्हणून मराठीने त्यासाठी वेगळी खूण ठेवलीय. वाऱ्यावर, कोऱ्या, किनाऱ्यावर, सगळीकडे हेच र.

काढायचं असं की साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, मग य. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा य. वर्डमध्ये इतर कीबोर्ड असेल तर ०९३१ टाकून ऑल्ट-एक्स केलं की ऱ येतो, पुढचं नेहमीसारखं. ते टिंब जोडाक्षरात दिसत नाही, घाबरू नका. जुन्या फाइलींमध्ये हेच अक्षर दुसऱ्या रीतीने केलेलं असतं, साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे, य च्या आधी, एक न दिसणारं जोडचिन्ह, २००डी. दिसायला दोन्ही हुबेहूब, पण शोधताना परत तीच गत, एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. नवीन लिहिताना ऱ वालीच पद्धत ठेवा.

प्रश्न: महिला मंडळाच्या स्मरणिकेत सगळी अवतरणचिन्हं गेली आणि त्या जागी अर्धी-मुर्धी अक्षरं छापून आली. आम्ही तर फाइल नीट तपासून दिली होती. दोष कोणाचा? (मंडळाच्या अध्यक्षा, गुहागर)

उत्तर: काकू, तुमच्या पत्रातलं वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण माझ्याबरोबर अगदी हेच झालंय. एका गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पुस्तक मी युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो त्या पद्धतीत, करून एका प्रेसला दिलं, त्यांनी ते त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतलं आणि मला न दाखवताच छापलं. पाचशे प्रती. ज्या आजींनी शाळेची पहिली आठवण सांगितली होती त्यांचं प्रत्येक वाक्य तुटक्या अक्षरांनी सुरू होत होतं, आणि त्या ते पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. मी तेव्हापासून शेवटचं प्रूफ डोळ्यांखालून घातल्याशिवाय छापायला हो म्हणत नाही.

होतं काय, तर जुन्या फॉन्टांमध्ये मराठीला स्वतःचे कोडच नव्हते. इंग्रजीच्या दोनशे-सव्वादोनशे जागा होत्या, त्यातच आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार कोंबायचे, आणि जागा पुरेना म्हणून ज्या खणांत एरवी वाकडी अवतरणचिन्हं आणि लांब रेघ असते तिथेही काही फॉन्टांनी अक्षरांचे तुकडे बसवले. म्हणून त्या फॉन्टमध्ये ०१५१ दाबलं की रेघ न येता अक्षर येऊ शकतं. युनिकोडमधून तिकडे बदलताना ज्या चिन्हाला जागा नाही ते कुठेतरी भलतीकडे जाऊन पडतं. तेव्हा प्रेसला फाइलबरोबर पीडीएफ द्या आणि दोन्ही ताडून बघायला सांगा, त्यातही सगळ्यात आधी अवतरणं, रेघा, टिंबटिंब आणि ₹ बघायचे, बिघडतात ती हीच.

वाकड्या अवतरणांबद्दल अजून एक. स्पेसनंतर वर्ड उघडणारं देतो आणि अक्षरानंतर मिटणारं, त्याला तेवढंच कळतं. त्यामुळे साल लिहिताना ’६५ च्या आधी उलटं चिन्ह पडतं. तिथे चिन्ह दोनदा मारा, दुसरं आपोआप मिटणारं येईल, मग पहिलं खोडा. वर्डच्या बाहेर हवी असतील तर चौकोनावर ०१४५ आणि ०१४६ एकेरी, ०१४७ आणि ०१४८ दुहेरी.

प्रश्न: मी इनस्क्रिप्ट शिकतेय. शिफ्ट आणि एक दाबलं की उद्गारचिन्हाऐवजी 'ऍ' येतं. आणि ते ऍ सुद्धा आपल्यासारखं नाही दिसत. (टायपिंग क्लासची विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर: इनस्क्रिप्ट १९८६ च्या सुमारास बहुतेक भारतीय लिपींसाठी एकच म्हणून बसवला, त्यात अक्षरांना जागा द्यायला चिन्हांची बटणं गेली. अर्धविरामाच्या बटणावर च आहे, अवतरणाच्या बटणावर ट. त्यामुळे उद्गारचिन्हापुरता कीबोर्ड इंग्रजीवर न्यायचा, विंडोज आणि स्पेसबार, परत यायचं. पहिले आठ दिवस वैताग येईल, नंतर बोटं आपोआप जातात, माझी गेली.

ऍ चं तू अगदी बरोबर ओळखलंस. ए वर चंद्र ही हिंदीकडची रीत, मराठीत अ वर चंद्र, ॲ, आणि शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ॲ आहे. त्याचा स्वतंत्र कोड ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ टाइप करून वर चंद्राची मात्रा द्यायचे, अजूनही देतात, दिसायला तसंच दिसतं पण काही फॉन्टांत मधे ठिपक्यांचा गोल येतो. ०९७२ ची सवय कर.

प्रश्न: हापूसच्या पेटीच्या दरपत्रकावर रुपयाचं चिन्ह? (बागायतदार, देवगड)

उत्तर: कीबोर्ड इंग्रजी-इंडिया असेल तर उजवा ऑल्ट धरून ४. नाहीतर २०बी९ आणि ऑल्ट-एक्स. हे चिन्ह २०१० साली ठरलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, चौकोन दिसला तर फक्त त्या चिन्हाचा फॉन्ट बदला. आणि ₹ दिलंत की परत पुढे रु. लिहू नका. अर्ध्या डझनासाठी ½ लागेल, ऑल्ट धरून ०१८९.

प्रश्न: गो ताई, जत्रेक एकांकिका बसवतंव आणि मी ती लिवतंय. म्हातारी पडवीतसून हाक मारता ती लांबवूची आसा, पण ता इंग्रजी एसासारख्या चिन्ह माका खंय गावणा नाय. (मालवणी लिहिणारा, कुडाळ)

उत्तर: तुका गावतला, थांब. त्याचं नाव अवग्रह, कोड ०९३डी, ऑल्ट-एक्स. इंग्रजी एस टाकून काम भागवू नको, छापताना फॉन्ट बदलला की तो एस उघडा पडतो. संस्कृतात अवग्रह गळलेल्या अ ची खूण असते, आपण मात्र तो सूर लांबवायला घेतलाय आणि मालवणीला तर तो फारच शोभतो, कारण आपली हाक परड्याच्या पलीकडे पोचायची असते. मोबाइलवर लिहीत असशील तर एकदा कुठून तरी कॉपी कर आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पर्सनल डिक्शनरीत ठेवून त्याला एखादा शॉर्टकट दे, मग तो शॉर्टकट टाकला की वरच्या पट्टीत येईल.

किती द्यायचे ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. पडवीतून अंगणात हाक असेल तर एक, 'बाबूऽ'. खळ्यातून शेताच्या मेरेपर्यंत असेल तर दोन, 'बाबूऽऽ'. तीनच्या पुढे नटाला काही कळत नाही, त्यापेक्षा कंसात लिही की म्हातारी दम लागेपर्यंत ओढते.